परवान्यावरची तारीख आणि कोल्हापुरात मिळणारा सल्ला

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बारावीच्या परीक्षा संपत आल्या की आपल्या दैनिकाच्या आतल्या पानांवर परदेशी शिक्षणाच्या जाहिराती वाढू लागतात. प्रवेशाची खात्री, कर्जाची सोय आणि ‘शिक्षणानंतर तीन वर्षे नोकरीचा परवाना’ असा ठळक मजकूर त्यांत असतो. या जाहिराती खोट्या असतात असे मला म्हणायचे नाही. पण त्या तीन वर्षांचा शेवटचा दिवस जवळ येतो तेव्हा काय करायचे, याविषयी त्यांत एक ओळही नसते. आणि राजारामपुरीपासून ताराबाई पार्कापर्यंत ज्या कार्यालयांतून हा सल्ला विकला जातो, तिथेही तो विषय फारसा निघत नाही. परदेशातला तात्पुरता कामाचा परवाना संपत आला असता कायदेशीरपणे नोकरीत कसे राहावे, या एकाच प्रश्नासाठी मी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला कल्पना आहे. जागेअभावी कापावे लागले तर माझ्या घरची हकिकत कापावी, नियम कापू नयेत, ही विनंती.

मी एका बँकेत एकतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. त्यातली शेवटची आठ वर्षे कर्ज विभागात गेल्यामुळे शैक्षणिक कर्जाच्या शे-दोनशे फायली माझ्या हाताखालून गेल्या असतील. प्रवेशपत्र, फीचा तक्ता, तारण द्यायच्या घराचा उतारा, सहकर्जदार म्हणून वडिलांची सही, हे सारे आम्ही डोळ्यांत तेल घालून तपासत असू. परदेशी जाणाऱ्या मुलाच्या पासपोर्टची मुदत कधी संपते, हे मात्र मी एकाही फायलीत पाहिल्याचे आठवत नाही. ते पाहायला हवे होते, हे मला माझ्याच धाकट्या मुलाच्या बाबतीत कळले.

आपल्याकडे सगळ्यालाच ‘व्हिसा’ म्हणतात आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो. कॅनडात पासपोर्टमध्ये चिकटवलेला व्हिसा हा देशाच्या दारातून आत जाण्यापुरता असतो. आत गेल्यावर विद्यार्थी, कामगार की पाहुणा, यांपैकी कोणत्या नात्याने आणि किती दिवस राहायचे, तो दर्जा वेगळा. काम करण्याचा परवाना हा आणखी तिसरा कागद. व्हिसाची मुदत उलटून गेलेली असतानाही परवाना चालू असेल तर त्या माणसाची नोकरी पूर्णपणे कायदेशीर असते. आणि व्हिसा चांगला वर्षभर शिल्लक असून परवाना काल संपला असेल, तर आजची पाळी बेकायदा ठरते. अमेरिकेतही पासपोर्टमधल्या व्हिसाच्या तारखेपेक्षा ‘आय-९४’ या आगमनाच्या नोंदीवरची तारीख निर्णायक असते, आणि पासपोर्ट लवकर संपत असेल तर विमानतळावरचा अधिकारी ती तारीख अलीकडे आणून ठेवू शकतो. तेव्हा ‘मुलाचा व्हिसा कधी संपतो?’ असे विचारून पालकांच्या हाती फारसे काही लागत नाही. पासपोर्ट, परवाना आणि व्हिसा यांच्या तीन वेगळ्या तारखा एका कागदावर लिहून त्या घरातल्या कॅलेंडरशेजारी लावाव्यात, इतके साधे काम आम्ही केले नव्हते.

कॅनडात दोन वर्षांचा पात्र अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला जास्तीत जास्त तीन वर्षांचा पदव्युत्तर कामाचा परवाना मिळतो. तो आयुष्यात एकदाच मिळतो. मात्र परवान्याची मुदत पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देता येत नाही, त्यामुळे पासपोर्ट आधी संपत असेल तर परवानाही तिथवरच येतो आणि उरलेला काळ नवा पासपोर्ट काढून पुन्हा अर्ज करून मागावा लागतो. माझ्या मुलाने पासपोर्ट काढला तो इथे अभियांत्रिकी पदविका करताना, २०१५ च्या फेब्रुवारीत. पुढे शिवाजी उद्यमनगरात काही काळ काम करून तो २०२१ मध्ये ओंटारिओत शिकायला गेला आणि २०२३ मध्ये त्याचा कामाचा परवाना आला. आम्ही तीन वर्षे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात त्या कागदावर १८ फेब्रुवारी २०२५ ही तारीख छापलेली होती, आणि ती त्याने २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत नीट पाहिली नव्हती. मीही परवान्याचा फोटो मागवून घेतला होता, देवापुढे ठेवला होता, वाचला नव्हता.

आता मुख्य नियम सांगतो, कारण तो इथे कोणाला धड माहीत नाही आणि ज्यांना माहीत आहे ते अर्धाच सांगतात. कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीतील कलम १८६ (यू) नुसार, ज्याने आपला परवाना संपण्यापूर्वी नव्या परवान्यासाठी अर्ज केला आहे आणि जो देश सोडून गेलेला नाही, त्याला त्या अर्जाचा निर्णय लागेपर्यंत जुन्याच अटींवर काम करत राहता येते. या अवस्थेला तिकडे ‘मेंटेन्ड स्टेटस’ म्हणतात. राखलेला दर्जा म्हणूया. सरकारला निर्णय द्यायला चार महिने लागोत की सात, तो कालावधी कायदेशीर असतो, पगार कायदेशीर असतो. पण ‘जुन्याच अटींवर’ या शब्दांकडे लक्ष द्यावे लागते. परवाना एका ठरावीक मालकाच्या नावाचा असेल तर काम त्याच मालकाकडे, त्याच स्वरूपाचे चालू ठेवायचे. नवा परवाना हातात येण्याआधी दुसऱ्या कारखान्यात जाऊन उभे राहायचे नाही. परवाना खुला असेल तर मालक बदलण्याची मोकळीक तशीच राहते. आणि मुदत संपताना कामाच्या परवान्याऐवजी नुसते पाहुणा म्हणून राहण्याचा अर्ज केला असेल, जसा अर्ज ‘वेळ मिळवायला’ म्हणून पुष्कळांकडून करवून घेतला जातो, तर राहता येते पण परवान्यावरच्या तारखेपासून काम थांबवावेच लागते. हा फरक न कळल्यामुळे मुले प्रामाणिकपणे कामावर जात राहतात.

दुसरी गोष्ट याहून बारीक आहे आणि तीच आमच्या अंगाशी आली. अर्ज वेळेत पाठवला एवढ्याने भागत नाही, तो पूर्ण असावा लागतो. सही राहिली, आवश्यक कागद राहिला किंवा फी कमी भरली, तर कॅनडाचे इमिग्रेशन खाते तो अर्ज नामंजूर करत नाही. तो अपूर्ण म्हणून परत करते, आणि परत आलेला अर्ज हा मुळात केलाच नव्हता असे धरले जाते. अर्जच नव्हता, तर राखलेला दर्जाही कधी नव्हता. म्हणजे दरम्यान केलेले सगळे काम विनापरवाना.

आम्ही इथल्या एका सल्लागार कार्यालयाकडे गेलो होतो. नवा पासपोर्ट मुलाने तिकडच्या तिकडे जानेवारीत मिळवला होता, अर्ज टपालाने जायचा होता आणि हाताशी महिनाभर होता. कार्यालयातल्या मुलीने फॉर्म भरून पाठवले, मुलाने सह्या करून, कागद जोडून पाकीट रवाना केले. पाकीट १८ फेब्रुवारीच्या आत पोहोचल्याची नोंद आमच्याकडे आहे. मुलगा निर्धास्तपणे मशिन शॉपमध्ये कामावर जात राहिला. १७ एप्रिलच्या रात्री साडेअकराला, तिकडे दुपारचे दोन वाजले असताना, त्याचा फोन आला. जोतिबाची चैत्र यात्रा होऊन पाचच दिवस झाले होते, घरी पाहुणे होते, त्यामुळे मी फोन घेऊन जिन्यात जाऊन बसलो. पाकीट जसेच्या तसे परत आले होते. सोबतच्या पत्राचा फोटो मी बोटांनी मोठा करून वाचला. कामाच्या परवान्याची फी १५५ डॉलर, ती भरलेली होती. परवाना खुल्या स्वरूपाचा असल्याने त्यावर आणखी १०० डॉलर भरायचे असतात, ते भरलेले नव्हते. आपल्या हिशेबात ते सुमारे सहा हजार रुपये झाले.

खरे सांगायचे तर त्या पत्रातला तर्क मला पटला, आणि म्हणूनच जास्त लागला. मीसुद्धा एकतीस वर्षे अपुरे फॉर्म काउंटरवरून परत केले आहेत. एका सहीसाठी गगनबावड्याहून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी यायला सांगितले आहे.

दुसरा दिवस गुड फ्रायडेचा, पुढे शनिवार-रविवार. मुलाने त्याच दुपारी मालकाला पत्र दाखवले, मशिन बंद केले आणि घरी आला. ही गोष्ट त्याने बरोबर केली, आणि इतरांनी ती लक्षात ठेवावी म्हणून लिहितो: अर्ज नाकारला किंवा परत आला आणि मूळ परवाना संपलेला असेल, तर काम त्या क्षणी थांबवायचे, ‘महिनाअखेरपर्यंत जाऊ दे’ म्हणायचे नाही. दर्जा गेल्यापासून ९० दिवसांच्या आत तो पुन्हा मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. त्याची फी वेगळी असते आणि निर्णय लागेपर्यंत काम करता येत नाही. आमच्या ९० दिवसांपैकी ५८ दिवस आम्हाला काहीच कळले नसताना निघून गेले होते. उरलेल्या ३२ दिवसांत मुलाने या वेळी तिथल्या परवानाधारक सल्लागाराकडून अर्ज तयार करून घेतला. त्यात दोन महिने अजाणता झालेल्या कामाची हकिकत लपवून न ठेवता पगारपत्रकांसह लिहिली, जुनी फीची पावती जोडली. परवाना सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हातात पडला. तोपर्यंतचे पाच महिने पगार शून्य, तिकडचे भाडे आणि इकडचा कर्जाचा हप्ता चालू. हप्ता माझ्या पेन्शनमधून आणि एक मुदतठेव मोडून भरला. बँकेत असताना अशा खात्यांवर ‘थकबाकीकडे झुकणारे’ असा शेरा मी मारत असे.

त्या पाच महिन्यांत त्याला रोखीने काम देणारे दोघे भेटले. एक पेट्रोल पंप, एक खानावळ. दोन्ही आपल्याच देशातल्या लोकांची. ‘नोंद होत नाही, कोणाला कळत नाही’ असे सांगण्यात आले. त्याने घेतले नाही. याचे श्रेय मी त्याच्या संस्कारांना देऊन मोकळा होऊ शकलो असतो, पण त्याने हिशेब केला होता. कायम वास्तव्यासाठी ‘कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लास’ या वर्गात गेल्या तीन वर्षांतला किमान एक वर्षाचा, म्हणजे १,५६० तासांचा, कुशल कामाचा अनुभव लागतो आणि तो अधिकृत परवान्यावरचाच मोजला जातो. विनापरवाना केलेले तास तिथे शून्य, वर त्याच तासांमुळे पुढचा प्रत्येक अर्ज संशयाने पाहिला जातो. माहिती दडवली किंवा खोटी दिली असे ठरल्यास पाच वर्षे त्या देशाचे दार बंद होते. खानावळीतल्या चार महिन्यांच्या रोकडीसाठी हे परवडणारे नाही.

आता आपल्या शहरात जो सल्ला तोंडातोंडी फिरतो त्याविषयी. ‘मुदत संपली तरी सरकार दीड वर्ष वाढवून देतेच’ असे मला किमान चार जणांनी सांगितले. हे निराधार नव्हते. करोनाकाळात आणि त्यानंतर, २०२१ ते २०२३ या वर्षांत, कॅनडाने पदव्युत्तर परवान्यांना खास बाब म्हणून १८ महिन्यांची मुदतवाढ दिली होती, आणि २०२३ अखेरपर्यंत संपणाऱ्या परवान्यांनंतर ती सवलत बंद झाली. ज्याच्या पुतण्याला ती मिळाली तो आजही तीच गोष्ट सांगतो. तसेच ‘गाडी काढून अमेरिकेच्या सीमेपर्यंत जा, वळून परत ये, नाक्यावर त्याच दिवशी परवाना मिळतो’ हा सल्ला. पदव्युत्तर परवान्यांसाठी ती वाट २१ जून २०२४ पासून आणि बहुतेक इतर कामाच्या परवान्यांसाठी २३ डिसेंबर २०२४ पासून बंद झाली आहे. इथे एखादी गोष्ट एकदा माहीत झाली की ती कायमची खरी राहते, असा आपला समज असतो. इमिग्रेशनच्या नियमांचे मात्र भाजीच्या भावासारखे आहे.

सगळ्यांत घातक सल्ला म्हणजे ‘कसलाही अर्ज टाकून ठेव, निकाल लागेपर्यंत काम चालूच’. वर सांगितलेल्या नियमाचाच हा गैरवापर आहे. ज्या परवान्यासाठी आपण पात्रच नाही त्यासाठी अर्ज करून चार-सहा महिने काढता येतात हे खरे, पण नकार आला की त्याच दिवशी नोकरी जाते, नकाराची नोंद कायमची राहते आणि पुढे खरोखर पात्र असताना केलेल्या अर्जावर तिची सावली पडते. याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे पैसे मोजून मालकाचे मंजुरीपत्र विकत घेणे. परदेशी माणूस ठेवण्यासाठी कॅनडातल्या मालकाला ‘एलएमआयए’ ही श्रमबाजाराची मंजुरी लागते. तिची १,००० डॉलरची फी मालकानेच भरायची असते आणि कामगाराकडून ती वसूल करणे नियमबाह्य आहे. पूर्वी अशा मंजुरीच्या नोकरीला कायम वास्तव्याच्या गुणांकनात ५० किंवा २०० गुण मिळत, म्हणून तिचा बाजार भरला होता. २५ मार्च २०२५ पासून ते गुण काढून टाकले आहेत. शिवाय ज्या महानगर परिसरात बेरोजगारी ६ टक्के किंवा त्याहून जास्त आहे, तिथले कमी वेतनाच्या नोकऱ्यांचे अर्ज, काही क्षेत्रे वगळता, २६ सप्टेंबर २०२४ पासून विचारातच घेतले जात नाहीत. तरीही कोल्हापुरात बसून ‘एलएमआयए करून देतो’ म्हणणारे आहेत, आणि सांगितला जाणारा आकडा लाखांत असतो.

लग्नांविषयी लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. आमच्या गल्लीतल्या एका मुलीचा परवाना संपला होता, नव्याचा अर्ज पूर्ण आणि वेळेत गेला होता, ती राखलेल्या दर्जावर बिनघोर काम करत होती. भावाचे लग्न ठरले. ‘एकुलत्या एका भावाच्या अक्षतांना बहीण नाही म्हणजे काय’ असे घरच्यांनीच धरून बसवले आणि ती आली. काम करत राहण्याचा हक्क देश न सोडण्याच्या अटीवर असतो. बाहेर पडल्यावर परत शिरायला चालू व्हिसा लागतो, तो तिचा परवान्याबरोबरच संपलेला होता. आणि एखाद्याचा व्हिसा चालू असून तो परत आत गेला, तरी नवा परवाना मिळेपर्यंत त्याला काम करता येत नाही. हळद, लग्न, पूजा झाली आणि ती मुलगी साडेतीन महिने इथेच अडकली. तिची नोकरी गेली. मुलांनी न येण्याचे कारण सांगितले तर पालकांनी ते बहाणा समजू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. त्या मुलीच्या घरचे आणि आम्ही शेजारी सगळे तेव्हा पंगतीत होतो आणि तिच्या धाडसाचे कौतुक करत होतो.

ज्यांच्या मुलांचा परवाना येत्या वर्षभरात संपतो त्यांनी सहा महिने आधीपासून हालचाल करावी. पासपोर्टला वर्षाहून कमी मुदत उरली असेल तर तो आधी नवा करावा. कायम वास्तव्याचा अर्ज केलेल्यांसाठी मधल्या काळात ‘ब्रिजिंग ओपन वर्क परमिट’ मिळते, पण ते कायम वास्तव्याचा अर्ज करण्याचे नुसते सरकारी निमंत्रण आल्यावर मिळत नाही. पूर्ण अर्ज भरून, तो परिपूर्ण असल्याची पोच आल्यावरच त्यासाठी पात्रता येते. त्यामुळे परवाना संपायला दीड महिना असताना निमंत्रण आले तर साठ दिवसांची मुदत आहे म्हणून आरामात कागद जमवू नयेत. भारतातल्या पोलिस पडताळणीचे प्रमाणपत्र लागते, त्याला वेळ जातो. एखाद्या प्रांताने नामनिर्देशन केले तर ६०० गुण मिळतात आणि त्याआधारे त्या मालकाकडचा परवानाही मागता येतो, पण प्रत्येक प्रांताचे निकष वेगळे आणि ते बदलते. तात्पुरत्या रहिवाशांचा ९ या आकड्याने सुरू होणारा सामाजिक विमा क्रमांकही परवान्याच्या तारखेलाच संपतो. तो अद्ययावत केला नाही तर पगाराच्या वेळी अडचण येते. अर्ज केल्याची पोच आणि फीची पावती मालकाला लेखी द्यावी, कारण तिकडचा मालक नियम न कळल्यामुळे घाबरूनही माणूस कमी करतो.

इतर देशांत तत्त्व तेच आहे, आकडे वेगळे. अमेरिकेत ‘एच-१बी’ या कुशल कामगारांच्या व्हिसावर असलेल्याच्या मालकाने मुदत संपण्याआधी वाढीचा अर्ज दाखल केला असेल तर त्याच मालकाकडे जास्तीत जास्त २४० दिवस काम करता येते. नोकरी गेली तर दुसरा मालक शोधायला किंवा दर्जा बदलायला जास्तीत जास्त ६० दिवस, आणि आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेच. तिथे अशा व्हिसाधारकांच्या पती-पत्नींच्या, म्हणजे आपल्या सुनांच्या आणि जावयांच्या, रोजगार परवान्यांबाबत मोठा बदल झाला आहे. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला की ५४० दिवसांपर्यंत मुदत आपोआप वाढे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना बहुतेक वर्गांत ती वाढ मिळत नाही. त्यामुळे मुदत संपण्याच्या १८० दिवस आधी अर्ज करता येतो तो पहिल्याच दिवशी करणे शहाणपणाचे. ब्रिटनमध्ये १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यातील कलम ३सी हेच संरक्षण देते आणि देश सोडताच ते संपते. जर्मनीत वास्तव्य कायद्याचे कलम ८१ आहे. वेळेत अर्ज केल्यावर तिथले कार्यालय एक तात्पुरते प्रमाणपत्र देते, त्याचे नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण ते मागून घेतल्याशिवाय उठू नये. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केल्यापासून आपल्या जिल्ह्यातली मुलेही जर्मन भाषेचे वर्ग करू लागली आहेत. त्या वर्गांत व्याकरणासोबत हे कलम एका तासात शिकवता येईल.

आखाताची गोष्ट वेगळी, कारण तिथे कागद कामगाराच्या हातात नसतो. सौदीत इकाम्याचे, म्हणजे तिथल्या वास्तव्य परवान्याचे, नूतनीकरण करण्याची जबाबदारी मालकाची असते. त्याने ते केले नाही तरी रस्त्यावर अडवला जातो तो कामगार. चंदगड-आजऱ्याकडच्या ज्या घरांतून माणसे तिकडे जातात, त्यांनी निदान नोंदणीकृत एजंटामार्फत, ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर नोंद होऊनच जावे. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर इथून घरच्यांनाही तक्रार नोंदवता येते.

आता ज्यासाठी हे सारे आपल्याकडे लिहिले ती मागणी. अर्ज परत आल्यावर मी त्या सल्लागार कार्यालयात गेलो. मालक शांतपणे म्हणाले, “काका, अर्ज तुमच्या मुलाने केलाय. आमचं नाव कुठे आहे त्यात?” ते खरे होते. प्रतिनिधीचे नाव आणि सही ज्या फॉर्मवर असते तो आयएमएम ५४७६ क्रमांकाचा फॉर्म पाकिटात नव्हताच. आम्ही दिलेल्या २२ हजार रुपयांच्या पावतीवर ‘शैक्षणिक मार्गदर्शन’ असे लिहिले होते. ओळखीच्या वकिलांनी पावती पाहिली आणि मान हलवून परत दिली. कॅनडाच्या कायद्यानुसार पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा किंवा अर्ज भरून देण्याचा अधिकार तिथले वकील, क्वेबेकचे नोटरी आणि ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’ या नियामक संस्थेचे परवानाधारक अशा मोजक्यांनाच आहे, मग ते टोरांटोत बसलेले असोत की कोल्हापुरात. त्या परवानाधारकांची यादी संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही नावाने किंवा क्रमांकाने शोधता येते. मला ती शोधायला पाच मिनिटे लागली, पण पैसे दिल्यानंतर.

म्हणून आपल्या दैनिकाने परदेशी नोकरी आणि इमिग्रेशनविषयक जाहिरात स्वीकारताना जाहिरातदाराचा परवाना किंवा नोंदणी क्रमांक मागावा आणि तो जाहिरातीत छापावा. बांधकामाच्या जाहिरातीत महारेराचा क्रमांक छापल्याशिवाय आपण ती घेत नाही. तीच शिस्त इथे लावता येईल. जाहिरातींचे उत्पन्न थोडे घटेल, हे मी समजू शकतो. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राने आणि शिवाजी विद्यापीठाने मिळून महिन्यातून एक दिवस परदेशात असलेल्या मुलांच्या पालकांसाठी मार्गदर्शन ठेवले, तर त्याला जागा अपुरी पडेल असा माझा अंदाज आहे. गावोगावच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारणाऱ्या शाहू महाराजांच्या शहरात शिकायला बाहेर पडलेल्यांची एवढी सोय अवघड नसावी.

माझ्या मुलाचा सध्याचा परवाना येत्या जूनमध्ये संपतो. पुढच्या परवान्याचे कागद तयार आहेत, फीचा हिशेब या वेळी मी स्वतः दोनदा केला आहे, आणि तिसऱ्यांदा त्याच्या आईने.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक अधिकारी
राजारामपुरी, कोल्हापूर